लॅपटॉपचं वायफाय आणि पुण्याची बदली

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

लॅपटॉपला वायफाय जोडत नाही म्हणालात, त्यावर काय करायचं ते मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून कुरिअरने पाठवतेय. फोनवर "कुठलं बटण?" "अगं तेच ते" करत आपण तिघंही चिडतो आणि मग आईचं बीपी चढतं. सकाळचा चहा झाला की कागद लॅपटॉपशेजारी ठेवून वाचा. बाबा, चष्मा लावून.

आधी ते सांगून टाकते. पुण्याची बदली मी घेतली नाही, ऑफिसला तसं कळवलंही. अथर्वची यंदा दहावी, ह्यांच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस नाही. आणि पुण्यात आले असते तरी दर रविवारी साताऱ्याला येणं जमलंच असतं असं नाही. काकूंचा सुहास कोथरूडला राहून किती येतो, बघताच की. बंगळुरूहून रात्रीच्या बसला बसले की सकाळी तुमच्या दारात. गिझरवाला शनिवारी येईल, पैसे दिलेत. बाबांच्या गोळ्याही घरपोच येतील. वाईट वाटून घेऊ नका. वाटलंच तर मला सांगा, आपापसात कुढू नका.

म्हणूनच लॅपटॉप चालायला हवा. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बाबांना आमची तोंडं नीट दिसत नाहीत.

फोनवर वायफाय चालतंय, म्हणजे लाइन ठीक आहे. लॅपटॉपवर खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी, विमानाचं चित्र दिसतंय का बघा. दिसलं तर वरच्या रांगेतलं विमानाचं बटण एकदा दाबा. आई रोज कीबोर्ड पुसते तेव्हाच ते दाबलं जातं, असा मला संशय आहे. आई, रागावू नकोस. पूस, पण लॅपटॉप बंद असताना.

विमान नसेल तर आईच्या फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा. जोडला गेला तर लॅपटॉप धडधाकट आहे. मग तो दुकानात अजिबात न्यायचा नाही! तिथे "फॉरमॅट मारतो" म्हणतील आणि महाबळेश्वरचे सगळे फोटो जातील.

मला वाटतं घोळ नव्या राउटरचा आहे. तो बसवल्यापासूनच हे सुरू झालं. बाबा म्हणाले, फोनवर आपल्या वायफायची दोन नावं दिसतात, लॅपटॉपवर एकच. तो बिघाड नाही. दुसरं नाव ५ गिगाहर्ट्झचं आहे आणि २०१५ सालचे बरेचसे स्वस्त लॅपटॉप ते पकडतच नाहीत. २.४ चं दिसतंय तेच घ्या. वेग थोडा कमी, पण भिंतीपलीकडे तेच जास्त चांगलं पोचतं.

पासवर्ड घालताना कॅलेंडरच्या मागे लिहिलेला बघून, लहान-मोठी लिपी सांभाळून घाला. बाबा, तुमचा एक आणि मोठा आय हल्ली सारखेच दिसतात. माझ्या वह्यांवर तुम्ही नाव घालायचात तेव्हा बाई विचारायच्या, हे सुरेख अक्षर कुणाचं? मी इतकी मिरवायचे की वही बाकावर उघडायचेच नाही, कव्हर दिसायला हवं म्हणून.

पासवर्ड बरोबर असूनही जोडत नसेल तर राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षेची पद्धत लावलेली असणार. ती २०१८ मध्ये आली, त्याआधीच्या पुष्कळ लॅपटॉपना ती कळत नाही. केबलवाल्याच्या मुलाला बोलावून "डब्ल्यूपीए-२ कर" एवढंच सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मग लॅपटॉपवर आपल्या वायफायचं नाव 'फर्गेट' करून पासवर्ड पुन्हा घाला.

केबलवाल्याचा नंबर बिलावरूनच घ्यायचा, गूगलवर शोधायचा नाही. कुणी फोन करून "स्क्रीन दाखवणारं ॲप टाका, ओटीपी सांगा" म्हणालं तर बाबांनी गप्पा न मारता फोन ठेवायचा. आणि आई, राउटरवरचा क्रोशाचा रुमाल काढ. छान विणलायस, पण खाली तो तापतो. रुमाल टीपॉयवर घाल.

जेवणं वेळेवर करा.

तुमची,
मनू

ता. क. सोबत लांब केबल पाठवतेय. वायफाय नाहीच जमलं तर एक टोक राउटरच्या पिवळ्या खाचांपैकी एकीत, दुसरं लॅपटॉपच्या बाजूला. पासवर्डही लागत नाही. फक्त दारात आडवी टाकू नका, आईचा पाय अडकेल. कपाटामागून भिंतीकडेने न्या.