चार तास सोयाबीन, दोन तास तूर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, यंदाही सगळं रान सोयाबीनखालीच घालायचं म्हणालात. फोनवर तुमच्यापुढे बोलवत नाही, म्हणून लिहितो. माझं मागणं एवढंच, की निम्म्या रानात तरी सोयाबीनच्या चार तासांमागे, म्हणजे ओळींमागे, दोन तास तुरीचे धरा.

सोयाबीन साडेतीन महिन्यांत काढणीला येतं आणि नेमका परतीचा पाऊस गाठतो. कापून रचलेली सुडी भिजली की वर्षाचा हिशेबच कोलमडतो. तूर तेव्हा हिरवीगार उभी असते. सुरुवातीला ती सावकाश वाढते, त्यामुळे सोयाबीनला आडवी येत नाही. सोयाबीन निघालं की ऊन-वारा सगळा तिचा, मग फांद्या फुटतात, फुलोरा येतो. तिचं सोटमूळ खोल जातं, सोयाबीनची बरीचशी मुळं वरच्या थरात. ओलीसाठी दोघांची ओढाताण कमी होते. पाला गळून रानातच कुजतो. आणि दिवाळीला एक पैसा, संक्रांतीच्या पुढेमागे दुसरा. सगळा भार एकाच पिकावर टाकून तुम्ही आभाळाकडे बघत बसता, ते मला बघवत नाही.

पेरणी यंत्र सहा दात्यांचं असेल तर मधल्या दोन दात्यांना तूर द्या, दोन्ही अंगांना दोन-दोन सोयाबीन. तूर एका कडेला दिली तर ट्रॅक्टर वळून आल्यावर तुरीशेजारी तूरच पडते. चार तास तुरीचे सलग, आठ सोयाबीनचे, आणि मग आंतरपिकाला अर्थ उरत नाही. तुरीचं वाण बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ बघा, मर रोगाला दाद देत नाही आणि लवकर निघतं. जिवाणू खताची पाकिटं दोन्ही पिकांची वेगळी घ्या, सोयाबीनचं तुरीला लागू पडत नाही. तणनाशकही दोन्ही पिकांना चालणारंच.

आई, तुरीच्या बियाण्यात मूठभर ज्वारी तू मिसळ. ज्वारीच्या उभ्या ताटावर पाखरं बसतात आणि शेंगा पोखरणारी अळी वेचतात. कणसं खुडलीस तरी धांडे उभे राहू दे.

हार्वेस्टर मात्र घालता येणार नाही. सोयाबीन हाताने कापावं लागेल, मजुरी वाढेल, म्हणूनच निम्मं रान म्हणतो. ओढ्यालगतचं चिबड रान यातून वगळा, पाणी साचलं की तूर टिकत नाही. मजुरीचे पैसे मी पाठवतो. ट्रॅक्टरवाल्याला दात्यांचं आताच सांगून ठेवा, मृग लागला की तो कुणाचं ऐकत नाही.

तुमचा,
बाळू