ओडीचं टेन्शन घेऊ नका, आजोबा

ती. आजोबांना शि. सा. न.

पत्रास कारण की, परवा बाबांनी फोनवर तुम्हाला "मनू सध्या ओडीत आहे" (ओव्हरड्राफ्टमध्ये, म्हणजे खात्यात होते त्याहून जास्त पैसे बँकेने ठरवलेल्या लिमिटात काढलेत) एवढंच सांगितलं आणि विषय बदलला, आणि आजीचा मला व्हॉट्सॲप आला की तुम्ही तेव्हापासून एफडीच्या पावत्या काढून बसलाय. अहो, त्या पावत्या आधी कपाटात ठेवा बघू. बाबांना अर्धीच बातमी द्यायची सवय आहे, तुमचेच चिरंजीव, मी काय बोलणार. म्हणून आता मीच सगळं लिहिते, आकड्यांसकट लिहिते, नाहीतर तुम्ही उलटटपाली प्रश्नांची यादी पाठवाल.

तर झालंय असं की इथे इंग्लंडमध्ये पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये (हॉस्टेलच ते) राहतात आणि दुसऱ्या वर्षी चारपाच जण मिळून बाहेर भाड्याने घर घेतात, बहुतेक जण तसंच करतात. आम्ही पाच जणींनी लीड्सच्या हाइड पार्क भागात घर घेतलंय (लंडनचं ते हाइड पार्क वेगळं). लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा, सगळी एकाला एक चिकटलेली. हेडिंग्लेचं ग्राउंड चालत जायच्या अंतरावर आहे, तेच ते, २००२ ला द्रविड, सचिन आणि गांगुली तिघांनी एकाच इनिंगमध्ये सेंच्युऱ्या मारल्या होत्या. तुम्हाला ती मॅच अजून पाठ असणार.

माझ्या वाट्याचं भाडं आठवड्याला १२० पौंड, महिन्याचं ५२०. डिपॉझिट पाच आठवड्यांचं, ६००. त्याच्यावर घेताच येत नाही, कायदाच आहे इंग्लंडमध्ये २०१९ पासून, आणि भाडेकरूकडून दलाली पण घेता येत नाही (हे पुण्यातल्या एजंटांना कोणीतरी सांगा). म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच ११२० पौंड, वर व्हॅनमधला माझा हिस्सा, गादीवरचं कव्हर, उशा, एक कढई असं ६३ पौंड आणि काही पेन्स. रुपयात सांगायचं तर सव्वा लाखाच्या वर जातं, पण रुपयात मोजायला बसलं तर इथे चहासुद्धा पिता येणार नाही.

आता खरी अडचण. घर १ जुलैपासून, पण सरकारी स्टुडंट लोनचा पहिला हप्ता येतो सप्टेंबरच्या शेवटी, युनिव्हर्सिटीने "ही मुलगी हजर झाली" असं कळवलं की मगच. वर्षाचे तीन हप्ते असतात, टर्मप्रमाणे, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. घरमालक काही सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. माझ्या खात्यात ४४० होते. उरलेले ओडीतून गेले.

हे स्टुडंट खातं आहे ना, त्याच्या ओडीला व्याज शून्य. खरंच शून्य, कुठे बारीक अक्षरात काही लपलेलं नाही, मी दोनदा वाचलंय आणि बाबांनी एकदा. काही बँका पहिल्या वर्षी १००० पौंडांपर्यंत देतात, मग दुसऱ्या वर्षी २०००, तिसऱ्या वर्षी ३००० पर्यंत, पण हे "पर्यंत" महत्त्वाचं, तुमचं रेकॉर्ड बघून ठरवतात. माझं लिमिट १००० आहे. हेच साध्या खात्याला असतं तर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज, हो, चाळीस, तुमचा सावकार पण लाजेल. आणि बँका काही धर्मादाय नाहीत, आत्ता फुकट द्यायचं आणि पोरगं कमवायला लागलं की पगार, क्रेडिट कार्ड, घराचं लोन सगळं आपल्याकडे, असा हिशोब असतो त्यांचा. मागितलं की लगेच परत करायचं ही अट इथेही कागदावर आहेच, तुमच्या बँकेसारखीच.

तुम्हाला पटेल असं सांगते. तुम्हीच सांगायचात ना की सांगलीत हळदीच्या सीझनला आडत्यांची ओडी खाती तळाला जायची, शेतकऱ्याला रोख द्यायचे आणि माल विकला की भरून टाकायचे, आणि ज्याचं खातं वर्षभर तळालाच असायचं त्याच्याकडे तुम्ही बघायला जायचात. माझं तेच चाललंय, सीझनपुरतं. मी सध्या रेडिंगला घरीच आहे, जेवणखाण आईकडे, दुकानात काम करतेय, महिन्याला साधारण हजार पौंड येतील. जुलैचा पगार आला की खातं शून्याच्या वर, मग १ ऑगस्टचं भाडं गेलं की परत थोडं खाली, ऑगस्टचा पगार आला की वर, आणि सप्टेंबरचं भाडं देऊनही वरच राहतं. मग लोनचा हप्ता. आणि ते ६०० काही खर्च झालेले नाहीत, मालकाला ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य डिपॉझिट स्कीममध्ये नोंदवावे लागतात, नाही नोंदवले तर कोर्ट त्याला डिपॉझिटच्या तिपटीपर्यंत दंड करू शकतं. नोंदणीचा ईमेल मला आलाय, जपून ठेवलाय.

जे पैसे कधी परत येणार ते माहीत आहे तेवढ्यासाठीच ओडी, असं मी ठरवलंय. कारण फोनवरच्या ॲपची एक गंमत आहे. मला आत्ता वर मोठ्या अक्षरात "उपलब्ध २५६.८२" दिसतं आणि खरी शिल्लक, उणे ७४३.१८, खाली बारीक करड्या रंगात. लीड्सच्या घरातली माझी एक मैत्रीण तो वरचाच आकडा बघते आणि म्हणते अडीचशे आहेत की, चल पिझ्झा. तिचं लिमिट गेल्या मार्चपासून संपलेलंच असतं, लोन आलं की दोन आठवडे वर, परत खाली. डिग्री झाली की हे खातं ग्रॅज्युएट खातं होतं आणि बिनव्याजी लिमिट दरवर्षी कमी करत नेतात, तेव्हा तिचं काय होणार मला माहीत नाही. मी तिला बोलले, तिने ऐकलं नाही, पिझ्झा मात्र चांगला होता.

आणि हो, हे मिळालं कारण आपण इथे बरीच वर्षं आहोत. बऱ्याच बँकांची अट आहे की तीन वर्षं तरी यूकेत राहिलेलं पाहिजे. माझ्या वर्गातला नाशिकचा एक जण स्टुडंट व्हिसावर आलाय, त्याला खातं मिळालं पण ओडी नाही. व्हिसासाठी २८ दिवस पैसे खात्यात दाखवावे लागतात, त्यात ओडी धरतच नाहीत. वर इथला जामीनदार नाही म्हणून त्याच्याकडे कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं होतं. त्याच्या वडिलांनी गावाकडून जमवाजमव करून पाठवले. त्याच्यापुढे माझं सोपंच आहे सगळं.

जामीनदारावरून आठवलं, हे वाचून तुम्ही खूश व्हाल. भाडेकरार पाच जणींचा एकत्र आहे, म्हणजे एकीने पैसे बुडवले तर मालक बाकीच्यांकडून वसूल करू शकतो, आणि बाबांच्या जामीनपत्रात पण तसंच मोघम लिहिलं होतं. बाबा सही करायला निघालेच होते. मी म्हटलं थांबा, आजोबा काय म्हणतात, जामीन राहायचं तर रकमेचा आकडा लिहून घ्यायचा. एजंटला ईमेल टाकला, दोन दिवस तो गप्प, मग "फक्त स्वतःच्या मुलीच्या हिश्श्यापुरता" असं दुरुस्त करून पाठवलं. बाबा आता सगळ्यांना सांगतात की ते त्यांनीच करून घेतलं.

बाबांकडे मागितले असते तर दिले असते त्यांनी, मला माहितीये. पण त्यांचं घराचं लोन नुकतंच नव्या दराने चालू झालंय आणि हप्ता वाढलाय, आणि मला शून्य व्याजाने मिळत असताना त्यांनी बचत का मोडायची. तुम्ही तर अजिबात मोडू नका, मुदतीआधी मोडली की व्याज कापतात हे तुम्ही मला शिकवायचं की मी तुम्हाला? पाठवायचंच असेल तर आजीची शेंगदाणा चटणी पाठवा, सावंत काकू ऑगस्टमध्ये येतायत, त्यांच्या बॅगेत जागा आहे, मी विचारून ठेवलंय.

आजीला नमस्कार. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा ॲप उघडून दाखवते तुम्हाला, चष्मा घेऊन बसा.

तुमची,
मनू