सात पॅकेजं वाचली, आता माझं ऐक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

लोकांना नोकरीतले, आयुष्यातले निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या तुझ्या कोचिंगच्या सात पॅकेजांचं तू पाठवलेलं पान काल रात्री तीनदा वाचलं. मेहनत दिसते त्यात. पण खरं सांगतो, सातव्यापर्यंत पोचेस्तोवर दुसऱ्यात काय होतं ते मी विसरलो होतो. चौथं आणि पाचवं शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा कुठे फरक सापडला: पाचव्यात दोन सेशनच्या मधे तुला मेसेज करता येतो. तुला तो फरक मोठा वाटणारच, उत्तरं देण्यात तुझ्या संध्याकाळी जातात. पण ज्याने आजवर कधी कोचिंग घेतलेलं नाही, त्याला तो कसा कळावा?

पहिल्या वर्षी मीही हेच केलं. एक बाई नोकरी सोडायची की नाही यात आठ महिने अडकल्या होत्या. पहिल्याच भेटीत अगदी मोकळेपणाने बोलल्या. मग मी त्यांना तक्ता पाठवला. चार सेशन, आठ सेशन, बारा सेशन, आणि प्रत्येकात पुन्हा साधं आणि प्रीमियम. त्यांनी फोन करून विचारलं, "यातलं मी कोणतं घेऊ?" मी म्हणालो, "तुम्हाला सोयीचं वाटेल ते." "विचार करून कळवते," म्हणाल्या. त्यांचा फोन परत आला नाही. निर्णय होत नाही म्हणून आलेल्या बाईंपुढे मी आणखी एक निर्णय टाकला होता. अजूनही ते मनाला लागतं.

२००० साली प्रसिद्ध झालेला तो जॅमचा प्रयोग तुला आठवत असेल, दुकानात जॅम चाखायला मांडून किती जण विकत घेतात ते पाहिलं होतं. २४ प्रकार मांडले तेव्हा थांबून पाहणाऱ्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. पण नुसता आकडा कमी करून भागत नाही. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी दिसला नाही. तो केव्हा दिसतो, हे २०१५च्या एका आढाव्यात नीट आलंय: पर्यायांची तुलना अवघड असते आणि आपल्याला काय हवं हेच माणसाला ठाऊक नसतं, तेव्हा. आपल्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो.

म्हणून सेशन मोजणारी नावं काढ आणि माणूस कुठे उभा आहे ते लिही. "एक निर्णय घ्यायचा आहे": तीन आठवडे, तीन सेशन, शेवटी निर्णय कागदावर. "नवी जबाबदारी आली आहे": तीन महिने, दर पंधरा दिवसांनी सेशन, मधे मेसेज. लांबची सोबत हवी असणाऱ्यांसाठी तिसरं. बस, तीन पुरेत. कोणासाठी, किती काळ, काय मिळेल, फी किती, हा क्रम तिन्हींत एकच ठेव, म्हणजे नजर आडवी फिरवली की तुलना होते. आणि पहिल्या भेटीनंतर तूच सांग, "तुमच्यासाठी मला हे योग्य वाटतं, कारण..." ही जबाबदारी आपली आहे. फी सांगितल्यावर मात्र थांब. तू लगेच "कमी-जास्त करू" म्हणतोस, आणि समोरच्याला वाटतं, हा आकडा खरा नव्हताच.

सहावं पॅकेज केवळ दुसरं एक पॅकेज स्वस्त वाटावं म्हणून ठेवलंय, असं तू लिहिलंस. असा आमिषाचा पर्याय चालतो, १९८२पासून त्यावर संशोधन आहे. तरी काढ तो. विश्वासाने मन उघडणाऱ्या माणसाशी पहिला व्यवहारच असा नको.

नवं पान झालं की कोचिंगची काहीच माहिती नसलेल्या कुणाला तरी दाखव. मिनिटभराने पान बाजूला घे आणि विचार, "यातलं तुझं कोणतं?" तो जिथे अडखळेल ते वाक्य मला कळव. रविवारी फोन करतोच, तोवर चौथं आणि पाचवं एक करून ठेव.

तुझाच,
जुना मित्र