आजीचा टीव्ही आणि बाबांचा फोन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आजीला जरा आवर, राउटरच्या ॲपमध्ये दिसतंय, घरात सगळ्यात जास्त नेट तिचा टीव्ही खातो." आजी शेजारीच कुळीथ पाखडत बसली होती, म्हणून मी हं हं केलं. व्हॉट्सॲपवर लिहिणार होते, पण माझा फोन छोटी कधीही उचलते. तेव्हा कागदच बरा.

आजी दुपारी जेवून कीर्तन लावते आणि दहा मिनिटांत घोरायला लागते. एक कीर्तन संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. चारला मी चहा ठेवायला उठते तेव्हा टीव्ही बंद करते. एचडी व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी खातो हे तूच सांगितलंस ना? मग कर हिशेब. तिला बोलले तर म्हणते, "माका झॉप लागली ता त्येका कळाक नको?" यावर मी काय बोलणार!

आता बाबा. तुझ्या त्या यादीत ते तळाला असतील, कारण व्हॉट्सॲपच्या मजकुराला नेट लागतं किती! पण माणूस दिवसभर त्यातच. आंब्याला मोहोर आल्यापासून तर विचारू नकोस. तोंड धुवायच्या आधी आभाळ बघायचं, तेही फोनमध्ये. पडवीत दोन पावलं गेलं तर खरं दिसतं. ढगाळ असलं की तुडतुडा येणार, भुरी येणार, फवारणी आज करायची की उद्या, यावर गटात पंचवीस जणांची पंचवीस मतं. मग वाशीला पेटी कितीला गेली ते. तेही ठीक, पोटापाण्याचं आहे. पण परवा जेवताना कुणाच्या तरी लग्नाचे फोटो दाखवत बसले. नवरा कोण विचारलं तर म्हणे ठाऊक नाही.

दिवसात फोन किती वेळ बघितला ते सांगणारं त्यांच्या फोनमधलं 'डिजिटल वेलबीइंग' छोटीने उघडून दाखवलं. पाच तास दहा मिनिटं! तिचे स्वतःचे दोन तास चाळीस, आणि बारावी आहे म्हणून ओरडा रोज तीच खाते. बाबा म्हणाले, "ते चुकीचं दाखवतं." माझे एक तास पन्नास निघाले. घरात ओव्हन नाही आणि मी रात्री अकरानंतर केक बघते.

नेट आलं त्याची तक्रार नाही हो. २०२० मध्ये तू रेंजसाठी सड्यावर छत्री घेऊन बसायचास, मी डबा घेऊन वर यायचे, ते विसरले नाही मी. पण आकडा बघून म्हातारीला दोष देऊ नकोस. तिच्या टीव्हीचं ते आपोआप पुढचं लागणं कसं थांबवायचं, तेवढं छोटीला सांग. आणि चित्र कमी स्वच्छ दिसलं तरी चालेल, तिला कीर्तन ऐकायचंच असतं.

राउटरसाठी बारा व्होल्टची बॅटरी शिमग्याला आणतो म्हणाला होतास, ती इतक्यात आणू नकोस. लाइट गेली की बाबा माजघरात येऊन माझ्याबरोबर कुळीथ निवडतात.

तुझी,
आई