उधारी मागणारी मुलगी

रत्नागिरी
१२ जून

प्रिय सुमे,

तुझ्या मसाल्या-कुरडयांच्या धंद्याला व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे आपल्या घरी बसून ऑनलाइन काम बघणारी मदतनीस, ठेवू का, असं विचारलंस आणि वर ‘आपल्यासारख्यांना परवडतं का गं?’ असंही. ठेव. पण कशासाठी ठेवायची ते फोनवर सांगत बसले असते तर तुझ्या पोळ्या करपल्या असत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ठेवली ती वेळ वाचावा म्हणून. तो वाचतोच. पण माझा मोठा फायदा झाला तो उधारीत. तुला आमची आंब्याची गिऱ्हाइकं माहीत आहेत. अर्धी नात्यातली, उरलेली ह्यांच्या ओळखीची. ‘पेटी पाठव, पैसे करते’ म्हणतात आणि गणपती आले तरी पैसे येत नाहीत. मागायला आपली जीभ रेटत नाही. अकोल्यात घरी बसून काम करणाऱ्या या मुलीला कसली भीड? तिच्या लेखी आमच्या आत्तेसासूबाई म्हणजे शीटमधली एक ओळ. पेटी पोचली की दोन-तीन दिवसांनी ती लिहिते, ‘नमस्कार काकू, आंबे पिकायला लागले असतील, पिवळे झालेले आधी वेगळे काढा. बिल १,८०० रुपये, क्यूआर सोबत पाठवलाय.’ एवढंच. आत्तेसासूबाईंनी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले! मी मागितले असते तर पुढच्या लग्नकार्यात तोंड फिरवून बसल्या असत्या.

म्हणून तुझ्या जावेच्या मुलीला ठेवायचा विचार सोड. तिला रागावता येणार नाही, आणि तिलाही घरातल्यांकडे पैसे मागता येणार नाहीत. परकीच बरी.

निवडताना बायोडेटा फार बघू नकोस. एमएस-सीआयटी सगळ्यांचंच झालेलं असतं. मी आलेल्या मेसेजांपैकी एक उचलून सगळ्याजणींना पाठवला: ‘ताई, मागची पेटी आंबट निघाली, या वेळी बघून द्या.’ आणि उत्तर लिहायला सांगितलं. (त्याचे पैसे दिले, फुकट परीक्षा घेऊ नये.) बहुतेकींनी दिलगिरीचे लांबलचक परिच्छेद पाठवले, हात जोडलेल्या चित्रांसकट. या मुलीने मला उलट विचारलं, ‘पेटी कोणत्या तारखेची होती, आणि काकूंनी आंबे पिकू दिले होते का?’ तिथेच ठरलं.

आता नंबराचं. धंद्याचं सिम वेगळं घे, आजच घे. व्हॉट्सॲप बिझनेसला फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे ती तिच्या लॅपटॉपवरून सगळं बघू शकते. सगळं म्हणजे सगळं. घरचा नंबर दिलास तर तुझी नणंद तुला काय लिहिते तेही. आणि तो फोन कपाटात टाकून ठेवू नकोस, चौदा दिवस वापरला नाही तर तिचं जोडणं आपोआप तुटतं. तुझी ठरलेली उत्तरं, म्हणजे कुरडईचा भाव, पार्सलचा खर्च, मसाला किती तिखट, ही क्विक रिप्लायमध्ये भरून ठेव. लेबलंही लाव: ‘पैसे बाकी’, ‘पाठवायचं’, ‘पोचलं’. हे भरताना तुझ्या लक्षात येईल की निम्मा धंदा तुझ्या डोक्यातच आहे आणि कागदावर काहीच नाही. मला तर पेटीत गवत किती घालायचं इथपासून लिहावं लागलं.

पैशांचं मात्र कडक ठेव. यूपीआय पिन, ओटीपी, बँकेचा पासवर्ड यातलं काहीही द्यायचं नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, मग तिला तो कशाला हवा? आणि गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, तो बनवता येतो. काही व्यापारी ॲपांत मदतनिसाला फक्त जमा झालेले पैसे दिसतील अशी सोय असते, ती बघ. लोकांचे पत्ते आणि नंबर तिच्या हातात जाणार, तेव्हा ते बाहेर द्यायचे नाहीत हे सुरुवातीलाच लेखी घे.

एक काम मी अजून तिला दिलेलं नाही. आंब्यात साका निघाला की फोन मीच करते. वरून फळ देखणं असतं, कापलं की कोयीजवळ गर पांढरट, स्पंजासारखा. तो बाहेरून कळत नाही, हे गिऱ्हाइकाला पटवायला बाग बघितलेलं माणूस लागतं. तिने बिचारीने फोटो बघून ‘मॅडम, हा कच्चा आहे का?’ असं मलाच विचारलं होतं. तुझ्याकडे मसाल्यात खडा निघाला, कुरडईला वास आला, की तसंच. तिथे बाईंचा आवाज ऐकू आला की निम्मा राग उतरतो.

पगाराचं विचारलंस. दिवसाला तीन तास, महिन्याचे आठ हजार, आणि मार्च ते मे दुप्पट तास, दुप्पट पैसे. तुझी घाई दिवाळीआधी मसाल्याची आणि उन्हाळ्यात वाळवणाची, तेव्हा तू महिन्यावर न बांधता आधी तासावर ठरव. पहिल्या महिन्यात तुझंच काम वाढेल, वैतागून तिला काढू नकोस.

माझ्या शीटची कोरी प्रत पाठवते, आंब्याच्या जागी कुरडई घाल. आणि हो, मागच्या दिवाळीच्या गोड्या मसाल्याचे तुझे साडेचारशे माझ्याकडे आहेत, ते आत्ताच पाठवलेत. तू ठेवशील ती मुलगी मागायच्या आत दिलेले बरे!

आईंना नमस्कार.

तुझी,
विजू