पार्लरचा कोर्स हा अभ्यासच आहे, तो अभ्यासासारखाच करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सकाळी पेपर उघडताना आतून ब्युटी पार्लर क्लासची दोन-तीन हँडबिलं तरी पडतातच, आणि मग त्याच दिवसांत माझ्याकडे आयांचे फोन सुरू होतात, "ताई, पोरीचं अभ्यासात लक्ष नाही हो, म्हटलं पार्लरचं शिकू दे, घरी बसण्यापेक्षा बरं." मी बरीच वर्षं पार्लर चालवते, मुलींना शिकवतेही, त्यामुळे हे ऐकलं की जिवाला लागतं. अभ्यास टाळायचा म्हणून जी मुलगी इकडे येते ती टिकत नाही, पहिले काही आठवडे मेकअपचं कौतुक असतं, मग थिअरी सुरू झाली की दांड्या सुरू. टिकतात त्या मुली ज्या वही घेऊन बसतात, प्रश्न विचारतात आणि घरी गेल्यावर पण हात चालू ठेवतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्र.

आता थ्रेडिंगच घ्या. बघणाऱ्याला वाटतं यात काय आहे, धागाच तर फिरवायचा. एक टोक दातात (हल्ली बऱ्याच जणी मानेला बांधतात, ते जास्त स्वच्छ), बाकीचा धागा हातांत, मध्ये पीळ, आणि बोटं उघडली-मिटली की तो पीळ पुढे-मागे सरकला पाहिजे. सुरुवातीला पीळ सरकतच नाही, सरकला तर केस मधेच तुटतो, मुळापासून निघत नाही, आणि मग दोन दिवसांत क्लायंटची भुवई परत टोचायला लागते. म्हणून मी मुलींना सांगते की आधी स्वतःच्या पायावरचे केस काढा, टीव्ही बघताना काढा, मैत्रिणीशी गप्पा मारताना काढा, बोटांना ती लय लागली पाहिजे. आणि चेहऱ्यावर गेल्यावर क्लायंटला कातडी दोन बोटांनी ताणून धरायला लावायची, ती सैल असली की धाग्यात चिमटते आणि कापते. हे सगळं पुस्तकात दोन ओळीत आहे, हातात यायला महिने लागतात. ज्या मुली घरच्या आत्या, मामी, वहिनी, शेजारच्या काकू सगळ्यांच्या भुवया फुकट करून देतात त्यांचा हात बॅचमध्ये सगळ्यात आधी बसतो, हे मी दर वर्षी बघते.

पण नुसता हात बसून चालत नाही. हेअर कलरला डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण) किती व्हॉल्यूमचा, म्हणजे किती तीव्र, घ्यायचा हे विचारलं की निम्म्या मुली ट्रेनरकडे बघतात. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२, एवढं सोपं गणित आहे हो, आणि पांढरे केस झाकायला साधारण २० पुरतो. पण "मॅडम लवकर व्हावं म्हणून ४० घेतला" म्हणणारी मुलगी समोरच्या बाईची टाळू भाजणार. तसंच डायचं. बहुतेक काळ्या डायमध्ये आणि बाजारातल्या इन्स्टंट काळ्या मेंदीतसुद्धा पीपीडी नावाचं केमिकल असतं, काहींना त्याची ॲलर्जी येते, डोळे सुजून बंद होतात, कपाळाची त्वचा चिघळून ओली व्हायला लागते. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून ४८ तास थांबायचं असतं. क्लायंट म्हणतेच, "अगं मी कायम लावते, मला काही होत नाही." पण ही ॲलर्जी वर्षानुवर्षं डाय लावल्यावर अचानक पण सुरू होऊ शकते, आणि हे त्या बाईला नीट समजावून सांगणं हा सुद्धा शिक्षणाचाच भाग आहे. दहावीला सायन्सला घाबरलेल्या मुली इथे पीएच, केसाची रचना, त्वचेचे थर हे सगळं व्यवस्थित शिकतात कारण ते समोर डोक्यावर दिसतं. घरच्यांनी आधीच "तुला अभ्यास जमत नाही" हे मनात भरवलेलं नसलं म्हणजे मिळवली.

विचारायची सवय पण लागावी लागते. वॅक्सिंगच्या आधी विचारा, डॉक्टरांनी पिंपल्ससाठी क्रीम किंवा गोळ्या दिल्यात का, कारण रेटिनॉइडवाली औषधं चालू असली की त्वचा नाजूक होते आणि पट्टीबरोबर वरची सालच निघून येते. पेडिक्युरच्या आधी विचारा, शुगर आहे का. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा दिसल्या तर तिथे जोर लावून मसाज नाही. लाजायचं नाही. क्लायंट उलट खूश होते, म्हणते ही पोरगी विचारून करते.

स्वच्छतेबद्दल तर मी कडकच आहे. वॅक्सची एक काडी एकदाच डब्यात बुडवायची, अंगाला लागलेली परत डब्यात गेली की सगळा डबा खराब. ब्लेड प्रत्येकीला नवीन, कारण हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतो आणि ते रक्त डोळ्याला दिसावंच लागतं असं नाही (त्याची लस असते, शिकणाऱ्या मुलींनी ती घ्यावी). आणि तो निळ्या लाइटचा बॉक्स, ज्यात कात्र्या-कंगवे ठेवून सगळ्या निश्चिंत होतात, त्याने वस्तू निर्जंतुक होत नाहीत. प्रकाश जिथे पडतो तेवढ्याच भागावर त्याचा काही परिणाम होतो, आणि मळ असला तर तोही नाही. आधी साबणपाण्याने घासून धुवायचं, मग जंतुनाशकात बुडवायचं किंवा धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हला (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लावायची, आणि मग स्वच्छ वस्तू ठेवायला तो बॉक्स वापरा. क्लास बघायला जाल तेव्हा फोटो काढायच्या भिंतीआधी बेसिन आणि टॉवेल कुठे ठेवलेत ते बघून या.

आता ब्रायडल, ज्यासाठी खरं तर सगळ्या येतात. रील बघून वाटतं मेकअप म्हणजे सगळं. आपल्याकडच्या लग्नात सकाळचा मुहूर्त, नवरीला आदल्या दिवशी हळद लागलेली, त्यामुळे चेहरा पिवळट, आणि ट्रायलला जुळलेली फाउंडेशनची शेड त्या सकाळी वेगळीच दिसते. शेड बघायची ती जबड्याच्या कडेला आणि दिवसाच्या उजेडात, मनगटावर नाही. खोपा घालायचा तर पुढे मुंडावळ्या बांधल्या जाणार, अक्षता पडणार, दहा जणी मिठ्या मारणार, तेव्हा पिना वरवर खोचून भागत नाही. आणि नऊवारी! शिवलेली सगळ्यांनाच येते, नेसवायची कितीजणींना येते? काष्टा चालताना सुटला नाही पाहिजे, बसताना ओढला नाही पाहिजे. जिला हे नीट येतं तिची लग्नसराईतली तारीख रिकामी राहत नाही. त्यासाठी आजीकडून नाहीतर मावशीकडून घरीच शिका आणि बहिणीला नेसवून तिला जिना चढायला लावा, महागडा सेमिनार लागत नाही.

सेमिनारचं बोलायलाच हवं. दोन दिवस हॉलमध्ये बसून स्टेजवरचा मेकअप बघायचा आणि शेवटी "इंटरनॅशनल" लिहिलेलं सर्टिफिकेट घेऊन फोटो काढायचा, यासाठी लोक मुलीच्या नावची एफडी मोडतात हे मी स्वतः बघितलंय आणि मला फार वाईट वाटतं. सिडेस्को नावाची खरी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९४६ पासूनची, स्वित्झर्लंडची, तिच्या ब्युटी थेरपी डिप्लोमाला हजाराच्या वर तासांचं शिक्षण लागतं. यावरून दोन दिवसांच्या सर्टिफिकेटची किंमत ठरवा. सेमिनारला जाऊच नका असं नाही म्हणत, पण पाया झाल्यावर जा, तेव्हा स्टेजवर काय चाललंय ते कळेल तरी.

आणि कितीतरी पालकांना माहीतच नाही की आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी नावाचा ट्रेड आहे. एक वर्षाचा, दहावी पास चालते, शेवटी केंद्र सरकारचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे ॲप्रेंटिसशिपही करता येते. सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानाने अगदीच कमी असते, बऱ्याच ठिकाणी मुलींची वेगळी आयटीआय पण आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये हा ट्रेड नसतो, म्हणून ऑनलाइन फॉर्म भरताना जवळपास कुठे आहे ते शोधून पर्याय टाकावा लागतो. खासगी क्लास लावायचा असेल तरी हरकत नाही, चांगले क्लास आहेत, फक्त पैसे भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसून बघा, मुली डमीवरच हात फिरवतायत का खऱ्या क्लायंटवर, एका ट्रेनरमागे मुली किती आहेत, आणि ट्रेनर हात धरून चूक सुधारते का मोबाईलवर असते.

घरच्यांनाही एक विनंती आहे. मुलगी क्लासला जाते म्हणजे ती शिकायला जाते. "पार्लरच तर आहे, आज पाहुणे येणारेत, नको जाऊस" असं करून तिचा दिवस बुडवू नका, त्या दिवशी बॅचला स्मूदनिंग (केस सरळ, मऊ करणं) शिकवलं तर ते तिला परत कोण शिकवणार? आणि पहिल्याच महिन्यात वीस-पंचवीस हजाराची मेकअप किट घेऊन देण्यापेक्षा एक चांगली कात्री, दोन कंगवे आणि दिवसभर उभं राहता येईल अशी चप्पल घेऊन द्या, कारण कंबर आणि पाय या धंद्यात फार लवकर बोलायला लागतात.

संपादक साहेब, निकालानंतर तुमची करिअर पुरवणी येते त्यात इंजिनीअरिंग-मेडिकलला पानंच्या पानं असतात, तिथे यंदा आपल्या जिल्ह्यात कॉस्मेटॉलॉजी ट्रेड कोणकोणत्या आयटीआयमध्ये आहे, जागा किती आणि फॉर्मची शेवटची तारीख कधी, एवढी चौकट छापाल का? फॉर्म भरायची मुदत संपायच्या आत छापलीत तर काही मुलींचं वर्ष वाचेल.

आपली नम्र,
एक पार्लर चालक व प्रशिक्षक, सांगली