रॉयल रंबलचं रेकॉर्डिंग मधेच तुटल्याबद्दल तक्रार

मिरज, दि. ५ फेब्रुवारी २०२४

प्रति,
नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग (डीटीएच सेवा)

विषय : २८ जानेवारी २०२४ रोजी रॉयल रंबलचे रेकॉर्डिंग अर्धवट होणे, आणि त्यावर ग्राहक सेवेने दिलेले उत्तर

महोदय / महोदया,

आमच्या घरी तुमचा रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स आहे. साधा बॉक्स स्वस्तात मिळत होता, तरी जास्तीचे पैसे मोजून हा घेतला. बसवायला आलेला तुमचा माणूस म्हणाला होता, “ताई, तुम्ही घरी नसलात तरी काही चुकणार नाही.” त्याच भरवशावर राहिले. कारण आमचं नाश्त्याचं दुकान आहे आणि ज्या वेळी टीव्हीवर बघण्यासारखं काही असतं, त्या वेळी मी हमखास कढईपुढे उभी असते.

त्या रविवारी सकाळी साडेसहाला डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती-करमणूक कंपनीची रॉयल रंबल लाईव्ह होती. तिकडे फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला शनिवारची रात्र, इकडे आमच्याकडे पोहे, उप्पीट आणि कट वड्याची झुंबड. म्हणून आदल्या रात्रीच कार्यक्रम रेकॉर्डला लावला, पडद्यावर लाल खूण आली ती बघितली आणि मगच झोपले. सकाळपासून घरातल्या सगळ्यांचा मोबाईल डेटा बंद. निकाल कळू नये म्हणून मुलाने मित्राचा फोनसुद्धा उचलला नाही.

दुपारी शटर ओढल्यावर सगळे टीव्हीपुढे बसलो. आमच्याकडे रंबलला चिठ्ठ्या टाकायची पद्धत आहे. रंबलमध्ये तीस पैलवान नंबरवार एकामागून एक रिंगमध्ये येतात, म्हणून एक ते तीस आकडे कागदावर लिहायचे, स्टीलच्या डब्यात घालून हलवायचे आणि प्रत्येकाने उचलायचे. ज्याच्या आकड्याचा पैलवान जिंकेल, त्याला बाकीच्यांनी आइस्क्रीम द्यायचं. सासऱ्यांनी तरुणपणी कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघितल्यात, त्यामुळे या प्रकाराला ते नावं ठेवतात. पण चिठ्ठ्या उचलायला पहिला हात त्यांचाच.

बायकांची रंबल आधी झाली. तासाहून जास्त चालली आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेली बेली शेवटपर्यंत टिकून जिंकली. ती पूर्ण दिसली, त्याबद्दल तक्रार नाही. मधल्या मॅचेसही दिसल्या. मग पुरुषांची रंबल. एक नंबरला जे उसो, दोन नंबरला त्याचाच जुळा भाऊ जिमी. पंधराव्या नंबरला कोडी ऱ्होड्स आला तेव्हा मुलगा सोफ्यावर उभा राहिला, चिठ्ठी त्याची होती. सत्ताविसावा सीएम पंक, तो सासऱ्यांचा. तिसाव्याचा काउंटडाउन सुरू झाला, स्टेडियममधली माणसं ओरडून आकडे मोजायला लागली, आम्हीही मोजत होतो. दहा, नऊ, आठ करत तीनपर्यंत आलो आणि पडदा निळा झाला. त्यावर अक्षरं आली : “रेकॉर्डिंग संपले आहे. डिलीट करायचे का?”

आधी वाटलं लाईट गेली. पण पंखा चालू होता. मग रेकॉर्डिंग मागे-पुढे करून पाहिलं, बॉक्स बंद-चालू करून पाहिला. काही उपयोग झाला नाही. तुमच्या गाइडमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या वेळापत्रकात, कार्यक्रम संपायची जी वेळ टाकलेली होती, त्या वेळेला बॉक्सने रेकॉर्डिंग बंद केलं होतं. तिकडे रिंगमध्ये माणसं लढतायत आणि तुमच्या हिशेबाने कार्यक्रम आटोपला.

ग्राहक सेवेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक मुलगा बोलायला आला. बोलणं नम्र होतं, हे मुद्दाम लिहिते. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, “एक मिनिट होल्ड करा मॅडम” म्हणाला, परत आला आणि म्हणाला, “मॅडम, कोडी ऱ्होड्स जिंकलाय. मी आत्ताच चेक केलं. अजून काही मदत करू?”

फोन स्पीकरवर होता.

चिठ्ठी जिंकली म्हणून नाचावं की रडावं हे आमच्या मुलाला कळेना. मी फोनवरच्या मुलाला विचारलं, शेवटी कोण उरलं होतं, कोणाला कोणी टाकलं? ते त्याला माहीत नव्हतं. वर म्हणाला, “पण मॅडम, ते सगळं आधीच ठरलेलं असतं ना?”

याचं उत्तर मला इथे लेखी द्यायचं आहे, कारण तुमची सगळी कंपनी त्याच समजुतीने चाललेली दिसते. होय, ते ठरलेलं असतं. ही नुरा कुस्ती आहे हे मिरज-सांगलीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. हा खेळ नसून करमणूक आहे, असं या धंद्यातल्या लोकांनी स्वतःच १९८९ साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलंय. नाटकाचा शेवटही ठरलेला असतो. म्हणून तिसऱ्या अंकात पडदा पाडून डोअरकीपरने शेवट तोंडी सांगितला तर तुम्ही तिकिटाचे पैसे वसूल झाले असं म्हणाल का?

रंबलमध्ये तर शेवटच महत्त्वाचा. दीड-दोन मिनिटांनी एकेक माणूस येतो, वरच्या दोरावरून बाहेर पडून ज्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले तो बाद. तास-दीड तास नुसती भरती आणि गळती, आणि सगळा जीव शेवटच्या पाच-दहा मिनिटांत. १९९५ ला शॉन मायकल्स बाहेर लटकला, त्याचा एकच पाय जमिनीला लागला. ब्रिटिश बुलडॉग आपण जिंकलो म्हणून दोरावर चढून हात वर करत होता, त्याचं संगीतही वाजायला लागलं होतं. मायकल्सने मागून येऊन त्याला खाली टाकलं. तुमचा बॉक्स तेव्हा असता तर त्याने बुलडॉगलाच विजेता ठरवून रेकॉर्डिंग आटोपलं असतं. २००५ ला तर सीना आणि बटिस्टा दोघे एकदम बाहेर पडले, पंच आपापसात भांडायला लागले. मालक विन्स मॅकमॅहन तावातावाने धावत आले आणि रिंगमध्ये शिरताना दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटून तिथेच बसले. मॅच पुन्हा सुरू करावी लागली, ती बटिस्टाने जिंकली. मालक खाली बसून आरडाओरडा करतोय, हे काही कोणी ठरवलेलं नव्हतं. गाइडमधल्या वेळेत तर ते मुळीच बसत नव्हतं.

आणि यंदाचा शेवट. सीएम पंक २०१४ च्या रंबलनंतर कंपनी सोडून गेला होता. तो नोव्हेंबरमध्ये परत आला आणि दहा वर्षांनी पुन्हा रंबलमध्ये उतरला. शेवटचे दोघे उरले ते कोडी आणि पंक. कोडीने त्याला बाहेर टाकलं आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी जिंकला. असं स्टीव्ह ऑस्टिननंतर कोणाला जमलं नव्हतं. पंकच्या दंडाचा स्नायू त्याच मॅचमध्ये फाटला, आता रेसलमेनियाला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमालाही, तो नाही. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी वाचून कळलं. दुखावलेल्या हाताने तो ती शेवटची मिनिटं कसा लढला, ते वाचून दिसत नाही. सासरे अजून विचारतात, “पंकला टाकला तरी कसा?” त्यांना सांगायला माझ्याकडे काही नाही. पुनःप्रक्षेपण बघा, असा सल्लाही मिळाला. निकाल तुमच्याच माणसाने सांगून टाकल्यावर पुनःप्रक्षेपण कशासाठी बघायचं?

पुढे पुन्हा फोन केला तर बॉक्स रीस्टार्ट करा म्हणाले. त्यानंतर घरी आलेल्या तंत्रज्ञाने खरं काय ते सांगितलं : लाईव्ह कार्यक्रम असेल तर त्याच्या पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावायचा असतो, “सगळे तसंच करतात.” सगळे म्हणजे कोण? बॉक्सबरोबरच्या पुस्तिकेत हे नाही, पडद्यावर नाही, बसवणाऱ्याने सांगितलं नाही. क्रिकेट लांबतं, टेनिस लांबतं, लग्नसुद्धा मुहूर्तावर लागत नाही. लाईव्ह कार्यक्रम वेळेवर संपेल असं गृहीत धरणारा रेकॉर्डर तुम्ही विकता आणि ते गिऱ्हाइकाला सांगत नाही, ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत सेवेतील त्रुटी आहे. तंत्रज्ञ जिना उतरतोय तोवर मला मेसेज आला : “आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे.” कोणाचं समाधान झालं, ते कळवावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. साध्या बॉक्सपेक्षा जे जास्तीचे पैसे घेतलेत ते परत करा, नाहीतर बॉक्स असा करून द्या की लाईव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग छापील वेळेनंतरही आपोआप किमान तासभर चालू राहील. तोपर्यंत रेकॉर्डला लावताना पडद्यावर तशी स्पष्ट सूचना द्या, मराठीत. माझी बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. आणि ग्राहक सेवेतल्या लोकांना एवढं सांगा की गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय निकाल सांगायचा नाही. त्या मुलावर कारवाई मात्र करू नका. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याला कोणी शिकवलं नाही एवढंच.

२४ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचाच एलिमिनेशन चेंबर हा कार्यक्रम आहे. आपल्याकडे तो शनिवारी दुपारी दिसेल. त्या दिवशी आम्हाला एका बारशाला जायचं आहे, म्हणजे पुन्हा रेकॉर्डिंगच. लोखंडी पिंजऱ्यात सहा जण असतात, दोघे सुरुवात करतात, बाकीचे चौघे काचेच्या कोठड्यांमधून एकेक बाहेर येतात. केव्हा संपेल हे तुमच्या गाइडला याही वेळी माहीत नसणार. म्हणून उत्तर त्याच्या आधी हवं, आणि लेखी हवं. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सांगलीला माझी तशीही दर आठवड्याला मालाची फेरी असते.

फोन करायचा झाल्यास दुपारी तीननंतर करावा, सकाळी गिऱ्हाईक असतं.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : बॉक्स खरेदीची पावती, तक्रार बंद केल्याच्या मेसेजची प्रत, टीव्हीच्या निळ्या पडद्याचा फोटो.